सी. एस. ठशावर जाऊ नका: पितळी फ्रेमचं ग्रिस्वोल्ड रिव्हॉल्व्हर कसं तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका विक्रेत्याकडे .३६ कॅलिबरचं, सहाबारी, पितळी फ्रेमचं ठासणीचं रिव्हॉल्व्हर आहे. नळी गोल, बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, क्रमांक २४०० च्या घरातला आणि फ्रेमवर ठळक ‘सी. एस.’ (कॉन्फेडरेट स्टेट्स, म्हणजे फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं) असा ठसा. विक्रेता म्हणतो, हे अमेरिकन यादवी युद्धातलं, जॉर्जियातल्या ग्रिस्वोल्ड अँड गनिसन कारखान्यातलं अस्सल हत्यार आहे. त्याचं म्हणणं मानावं का, आणि आपलं आपल्याला कसं ओळखता येईल, असं तुम्ही विचारलंय, आणि सोबत फोटोही पाठवलेत.

उत्तराआधी एक सूचना, आणि ती अगदी मनापासून. असं रिव्हॉल्व्हर हातात आलं की ते भरलेलंच आहे असं धरून चाला. काळी दारू कोरडी राहिली असेल तर दीडशे वर्षांनीही पेटते, आणि घरात वारशाने आलेली कित्येक हत्यारं शेवटची भरली तशीच पडून असतात. सिलिंडरच्या मागच्या निपलवर (बारीक बोंडांवर) ठिणगी पाडणाऱ्या टोप्या आहेत का ते बघा. मग पातळ लाकडी काडी समोरून सिलिंडरच्या प्रत्येक कोठीत, म्हणजे दारू-गोळी भरायच्या भोकात, घाला, ती किती आत जाते ते मोजा आणि सिलिंडरच्या लांबीशी ताडून बघा. काडी मध्येच अडत असेल तर पुढे काहीही करू नका. ती कोठी रिकामी करणं हे जाणकाराचं काम आहे.

आता मूळ मुद्दा. ज्या ‘सी. एस.’ ठशामुळे तुमचा विश्वास बसला, त्याच ठशामुळे माझा उडाला. ग्रिस्वोल्डची रिव्हॉल्व्हरं या कारखान्यातून जवळजवळ मुकीच बाहेर पडत. त्यांच्यावर ना नाव, ना गाव, ना सरकारचं चिन्ह. क्रमांक आणि जुळणीसाठी मारलेली एक-दोन बारीक अक्षरं, एवढंच. ‘सी. एस.’ ठसा स्पिलर अँड बर या दक्षिणेतल्याच दुसऱ्या कारखान्याच्या फ्रेमवर सापडतो, आणि ते रिव्हॉल्व्हर दिसायलाच वेगळं असतं. ग्रिस्वोल्डसारख्या दिसणाऱ्या हत्यारावर हा ठसा दिसला, तर तो नंतर कुणीतरी किंमत वाढवायला मारला असण्याची शक्यता मी आधी धरतो. मूळ हत्यार खरं आणि ठसा तेवढा खोटा, असंही होतं. म्हणून मी ठसे शेवटी वाचतो. लोखंड, पितळ आणि त्यावर झालेलं काम आधी वाचतो, कारण ठसा पाच मिनिटांत मारता येतो. १८६३ मधली घडाई मात्र सहजी नकलता येत नाही.

ही घडाई कशी होती हे समजायला तेव्हाची परिस्थिती माहीत हवी. १८६१ च्या एप्रिलमध्ये युद्ध पेटलं तेव्हा रिव्हॉल्व्हर बनवणारे मोठे कारखाने सगळे उत्तरेत होते. कोल्ट कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला, रेमिंग्टन न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला. दक्षिणेच्या हाती व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी शस्त्रागाराची यंत्रं लागली. ती रिचमंड आणि फेएटव्हिलला हलवून तिथे पायदळाच्या रायफली सुरू झाल्या. घोडदळाला लागणारी रिव्हॉल्व्हरं मात्र जो करतो म्हणेल त्याच्यावर सोपवावी लागली. दक्षिणेच्या शस्त्रपुरवठ्याचे प्रमुख जोसाया गॉर्गस यांच्या खात्याने तलवारी बनवणाऱ्यांना, ओतशाळावाल्यांना, शेतीची यंत्रं बनवणाऱ्यांना कंत्राटं दिली. कागदावरचे आकडे मोठे होते. स्पिलर अँड बर यांनी १५,००० रिव्हॉल्व्हरं कबूल केली, झाली साधारण १,४५०. जॉर्जियातल्या कोलंबसला हायमन बंधूंनी १०,००० चं कंत्राट घेतलं, झाली शंभराच्या आसपास. टेक्सासमधल्या लँकेस्टरच्या टकर, शेरर्ड अँड कंपनीने ३,००० देतो म्हणून राज्य सरकारशी करार केला आणि युद्धात एकही दिलं नाही. दक्षिणेतल्या सगळ्या छोट्या कारखान्यांची रिव्हॉल्व्हरं एकत्र केली तरी १०,००० चा आकडा गाठत नाहीत. ज्या कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही मॉडेलची ते नक्कल करत होते, ते एकट्या हार्टफर्डमध्ये दोन लाखांवर निघालं. पोलाद मिळेना, नेमके लेथ आणि मिलिंगची यंत्रं मिळेनात, हात बसलेले कारागीर सैन्यात ओढले जात. दुर्मीळपणाचं मूळ या टंचाईत आहे, आणि अस्सलपणाच्या खुणाही तिनेच मागे ठेवल्यात.

या सगळ्यांत ग्रिस्वोल्डचं काम सर्वांत जास्त चाललं. सॅम्युअल ग्रिस्वोल्ड मूळचा कनेक्टिकटचा. जॉर्जियात मेकनजवळ रेल्वेमार्गावर त्याने कापसाची सरकी काढणाऱ्या जिन यंत्रांचा कारखाना उभारला आणि त्याभोवती वसलेल्या गावाला ग्रिस्वोल्डव्हिल हेच नाव पडलं. ओतशाळा, सुतारशाळा, यंत्रशाळा असं सगळं तिथे तयार होतं. १८६२ मध्ये गव्हर्नर जोसेफ ब्राऊन यांनी सैनिकांसाठी भाले मागवले, तेही ग्रिस्वोल्डने बनवून दिले. बंदुका पुरत नव्हत्या म्हणून भाले, अशी तेव्हाची स्थिती. न्यू ऑर्लिन्सहून आर्विन गनिसन भागीदार म्हणून आला आणि १८६२ च्या उन्हाळ्यात रिव्हॉल्व्हरं निघू लागली. २० नोव्हेंबर १८६४ रोजी उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या घोडदळाने कारखाना जाळला. तोवर सुमारे ३,७०० तयार झाली होती, म्हणजे महिन्याला सरासरी १३० च्या आसपास. ती घडवणारे बहुतेक हात गुलाम कृष्णवर्णीय कारागिरांचे होते. संग्राहकांच्या बोलण्यात मालकाचं नाव येतं, पूर्वी चुकीने चिकटलेलं ‘ग्रिस्वोल्ड अँड ग्रीअर’ हे नावही येतं, पण कानस धरणाऱ्यांची नावं येत नाहीत. मला हे नेहमी खुपतं. आपण तपासतो ते काम त्यांचं असतं. माणसाला गुलामीत ठेवणारी व्यवस्था टिकवण्यासाठी लढणाऱ्या सैन्याची हत्यारं त्या व्यवस्थेने गुलामांकडूनच करून घेतली. या वस्तू गोळा करणाऱ्याने हे माहीत ठेवूनच गोळा कराव्यात.

तपासायला मी सिलिंडरपासून सुरुवात करतो. कारखान्याकडे पोलादाचे दांडे नव्हते, घडीव लोखंड होतं. घडीव लोखंडात मळीच्या (धातूत राहिलेल्या कचऱ्याच्या) बारीक रेषा लांबीच्या दिशेने धावतात, आणि अशा दांड्यात लांबीच्याच दिशेने सहा कोठ्या पाडल्या की दोन कोठ्यांमधली पातळ भिंत नेमकी त्या रेषेवर फाटायची भीती. उपाय असा काढला, की दांडा लाल तापवायचा आणि सुतळीला देतात तसा त्याला पीळ द्यायचा. मळीच्या रेषा तिरप्या होतात आणि स्फोटाचा ताण एकाच रेषेवर पडत नाही. स्पिलर अँड बरकडेही पिळाचं लोखंड वापरत. त्यामुळे अस्सल सिलिंडरचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात, दहापट भिंगाखाली बघितला की बारीक तिरक्या रेषा दिसतात. कधी केसाएवढ्या, कधी गंजाने उघड्या पडून जरा ठळक. त्या सिलिंडरभर एकाच कलाने जातात आणि पृष्ठभागावरच्या ओरखड्यांसारख्या मध्येच तुटत नाहीत. आजच्या एकजिनसी पोलादात असं काही नसतं. ॲसिडने गंज चढवला तर खड्डे मिळतात, पीळ मिळत नाही. हा तपास घाईत होत नाही. दिवा एका बाजूला खाली ठेवा, सिलिंडर हळूहळू फिरवा आणि डोळ्यांना सवय होऊ द्या. गुळगुळीत पॉलिश केलेल्या सिलिंडरवर रेषा पुसट होतात, त्यामुळे त्या दिसल्या नाहीत एवढ्यावरून लगेच खोटं ठरवू नका. मात्र दिसल्या तर माझ्या लेखी तो सर्वांत भक्कम पुरावा.

सिलिंडरवर आणखी एक बघायचं. कोल्टच्या नेव्ही मॉडेलच्या सिलिंडरवर आरमारी लढाईचं चित्र उमटवलेलं असे. ग्रिस्वोल्डचं सिलिंडर साधं. काही बनावट नगांमध्ये जुन्या कोल्टचं सिलिंडर घासून बसवलेलं असतं. चित्र वरून गेलं तरी त्याचा मागमूस कडेच्या भागात राहतो आणि घासल्यामुळे सिलिंडरचा व्यास किंचित कमी भरतो. व्हर्नियर कॅलिपरने मागे, मध्ये, पुढे असा तीन ठिकाणी मोजा.

आता पितळ. फ्रेम पितळी का, तर लोखंडाची फ्रेम घडवून मशिनवर काढायला वेळ आणि धारदार हत्यारं लागतात, पितळ मात्र वाळूच्या साच्यात ओतता येतं आणि मऊ असल्याने लवकर कापलं जातं. जिनच्या कारखान्याला ओतकाम नवं नव्हतं. ग्रिस्वोल्डच्या धातूत तांब्याचं प्रमाण जास्त, म्हणून रंग तांबूस. आजच्या नकलांचं पितळ पिवळं असतं. रंग बघायचा तर बाहेरून नव्हे, मुठीची लाकडं काढून आतल्या बाजूला, जिथे हात आणि पॉलिश पोचलेलं नाही तिथे. ओतकामातली बारीक छिद्रं आणि कानशीचे आडवेतिडवे माग तिथेच सापडतात. चर्चच्या घंटा वितळवून ही रिव्हॉल्व्हरं केली, ही कथा तुम्हाला विक्रेत्याने सांगितली असेलच. दक्षिणेचे जनरल बोरगार्ड यांनी १८६२ मध्ये घंटा मागितल्या हे खरं, पण तोफांसाठी. ही कथा म्हणजे पुरावा नव्हे, तिच्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नका.

वापरलेल्या पितळी फ्रेमवर वापराच्या ठरावीक जागी खुणा राहतात. गोळी झाडली की सिलिंडर मागे आदळतं, आणि मागची पितळी ढाल मऊ असल्याने सिलिंडरच्या मागच्या दात्यांचा गोल वळ तिच्यावर हळूहळू उमटतो. टोप्यांमधल्या रसायनाने निपलभोवतीचं लोखंड खाल्लं जातं. नळीचं तोंड म्यानात घासून गोलसर होतं. या खुणा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. निपलभोवती खोल गंज पण ढालीवर वळच नाही, किंवा बाहेरून काळंकुट्ट पण स्क्रूची खाच ताजी, असं दिसलं की हत्यार वेगवेगळ्या नगांतून जुळवलेलं आहे असं समजा. रसायनाने आणलेलं जुनेपण सगळीकडे सारखं पसरतं. खरं जुनेपण हात लागतो तिथे झिजलेलं आणि सांदीत साचलेलं असतं.

तुमच्या फोटोंत मला दुसरी शंका आली ती नळीच्या मुळाशी, ठासणीचा दांडा जिथे अडकवतात त्या जाड भागाबद्दल. ग्रिस्वोल्डच्या सुरुवातीच्या सुमारे दीड हजार नगांत हा भाग गोलाई घेतलेला आहे, नंतरच्यांत त्याला अष्टकोनी पैलू आहेत. ही सीमा काटेकोर नाही, छोट्या कारखान्यात पडून राहिलेले भाग पुढेही वापरले जात. पण २४०० च्या घरातल्या क्रमांकाला गोल मूळ बसत नाही. म्हणजे एकतर नळी दुसऱ्या नगाची, नाहीतर क्रमांक मागाहून मारलेला. फोटोत कोन जरा तिरका आहे, म्हणून याबद्दल शेवटचं मत हत्यार बघूनच.

नळीबद्दल हेही लक्षात ठेवा, की कोल्टची नेव्ही पूर्ण अष्टकोनी आहे आणि ग्रिस्वोल्डची पुढे गोल. पितळी फ्रेम आणि पूर्ण अष्टकोनी नळी असलेलं ‘कॉन्फेडरेट नेव्ही’ बाजारात ढिगाने दिसतं, ते आधुनिक नकलाकारांनी रूढ केलेलं मिश्रण आहे. मेम्फिसच्या श्नायडर अँड ग्लासिकचं नाव सांगून तसलं काही पुढे केलं, तर दुप्पट सावध व्हा. त्यांचे अस्सल नग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

नकलांची सुरुवात १९५० च्या दशकाच्या अखेरीस झाली. अमेरिकेतल्या नेव्ही आर्म्सच्या व्हॅल फॉर्गेट यांनी इटलीत अल्दो उबेर्ती आणि ग्रेगोरेल्ली यांच्याकडून कोल्ट नेव्हीच्या आणि पितळी ग्रिस्वोल्डच्या नकला करून घेतल्या. त्या उघडपणे नकला म्हणूनच विकल्या गेल्या, त्यात गैर काही नाही. पण त्यातले सुरुवातीचे नगही आता साठीच्या पुढे गेलेत, चांगले मुरलेत, आणि फसवणूक त्यांच्यापासूनच सुरू होते. इटालियन हत्यारावर गार्दोनेच्या चाचणीगृहाचे ठसे असतात: काळ्या दारूच्या चाचणीसाठी ‘पी एन’ अक्षरं आणि वर तारा, शेजारी चौकटीत वर्षाचा संकेत, जो १९७४ पर्यंत रोमन आकड्यांत असे आणि १९७५ पासून अक्षरांत. बनावट करणारा हे घासतो. म्हणून नळीच्या बाजू, फ्रेमचा खालचा भाग आणि ठासणीच्या दांड्याखालची जागा यांवरून बोटाचं पेर फिरवा. सपाट पृष्ठभागात उथळ खोलगट लागलं तर तिथून काहीतरी काढलंय. स्क्रूचे आटेही बोलके असतात. इटालियन स्क्रू मेट्रिक मापाचे, आणि १८६० च्या दशकातले स्क्रू त्या त्या कारखान्याच्या आपल्या आट्यांचे, त्यातही हाताने जुळवून बसवलेले, एकाचा दुसऱ्यात धड न बसणारे.

ठसा आणि क्रमांकाकडे आता या. क्रमांक नळी, फ्रेम आणि सिलिंडर अशा तिन्ही ठिकाणी जुळायला हवा, आणि जुळणं पुरेसं नाही, आकड्यांचे छाप एकाच संचातले असायला हवेत. त्या ‘४’ ची शेपटी, ‘२’ ची मान सगळीकडे सारखी आहे का ते बघा. आकडे हाताने एकेक मारलेले, त्यामुळे थोडे वाकडे आणि कमीजास्त खोल असणं स्वाभाविक. भिंगाखाली ठशाचा तळ बघा. गंजाचे खड्डे ठशाच्या आतही बाहेरच्यासारखेच असतील तर ठसा आधीचा. बाहेर खड्डे आणि आत स्वच्छ चकाकी असेल, तर गंजलेल्या धातूवर मागाहून मारलाय. पितळावर ठसा मारला की कडेला धातू किंचित उचलला जातो. वर्षानुवर्षांच्या हाताळणीत ती कड झिजते. नखाला ती कड टोचली तर तुमचा ‘सी. एस.’ वयाने फार लहान आहे. जुळणीची गूढ अक्षरं मात्र सापडली तर त्यांचा फोटो जरूर काढा. खोटं करणाऱ्यांचं तिकडे बहुधा लक्ष जात नाही.

बाकी कारखान्यांबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, तर ओझरतंच सांगतो. स्पिलर अँड बर हे कोल्टची नव्हे, उत्तरेतल्याच व्हिटनी रिव्हॉल्व्हरची नक्कल. वरून बंद फ्रेम, तीही पितळी. काम रिचमंडला सुरू झालं, १८६२ मध्ये अटलांटाला गेलं, १८६४ मध्ये सरकारने विकत घेऊन मेकनला नेलं. जेम्स बर्टन हा हार्पर्स फेरी आणि इंग्लंडमधल्या एनफिल्डला काम केलेला जाणता माणूस त्यात होता. त्याचा पत्रव्यवहार बराच शिल्लक असल्याने या कारखान्याचा इतिहास इतरांपेक्षा स्वच्छ कळतो. लीच अँड रिग्डन मेम्फिसचे तलवारवाले. शत्रू जवळ येत गेला तसे मिसिसिपीतल्या कोलंबसला आणि मग जॉर्जियातल्या ग्रीन्सबरोला गेले. त्यांची फ्रेम लोखंडी आणि नळीवर नाव. भागीदारी मोडल्यावर रिग्डनने ऑगस्टाला नवी कंपनी काढली आणि तिच्या सिलिंडरवर सहाऐवजी बारा थांब्याच्या (सिलिंडर जागच्या जागी अडकवणाऱ्या) खाचा आल्या. ही खूण चटकन ओळखू येते. टेक्सासच्या डान्स बंधूंच्या फ्रेमला मागची फुगीर ढालच नाही, बाजू सपाट. व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथच्या थॉमस कोफरने तर ऑगस्ट १८६१ मध्ये कॉन्फेडरेट पेटंटच मिळवलं, दोन भागांच्या सिलिंडरचं. पुढच्या मे महिन्यात ते गाव उत्तरेच्या हाती गेलं. मला स्वतःला यांत कोफर सर्वांत विलक्षण वाटतो, कारण बाकीचे नक्कल करत असताना त्याने नवीन काही करून बघितलं.

घराण्याचा इतिहास, पणजोबांचं पत्र, जुनी पावती यांना किंमत आहे, पण त्या कागदात क्रमांक लिहिलेला असेल तरच. ‘आमच्या घरात पूर्वीपासून आहे’ हे वाक्य कुठल्याही हत्याराला जोडता येतं. शक्य असेल तर धातूची एक्स-रे फ्लुओरेसन्स तपासणी करून घ्या. तिने हत्याराला ओरखडा पडत नाही, आणि पितळातले तांबं, जस्त, शिसं, कथील यांचं प्रमाण कळतं. एकट्या आकड्यांनी निकाल लागत नाही, ते खात्रीच्या अस्सल नगाशी ताडावे लागतात. आणि काहीही झालं तरी पितळ घासू नका, लोखंडाला पॉलिश लावू नका. वर सांगितलेले सगळे पुरावे वरच्या पातळ थरात असतात, आणि एका दुपारच्या साफसफाईत ते कायमचे जातात.

तुमच्यासाठी पुढची पायरी अशी. विक्रेत्याला नळी फ्रेमला धरून ठेवणारी पाचर काढून नळी आणि सिलिंडर वेगळं करायला सांगा आणि तिरप्या उजेडात सिलिंडरच्या चारही बाजू, मागच्या ढालीचा चेहरा, मुठीखालचं पितळ, तिन्ही क्रमांक आणि ‘सी. एस.’ ठसा अगदी जवळून टिपायला सांगा. नळीच्या आत उजेड टाकून गोळीला फिरकी देणारे चर किती आहेत आणि कुठल्या बाजूला वळतात हेही बघा. कोल्टच्या नेव्हीत सात चर डावीकडे वळतात, तेव्हा नळी कोल्टची आहे का हे त्यावरून कळायला मदत होईल. जो विक्रेता पाचर काढायला नकार देतो त्याच्याकडून मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. फोटो मिळाले की सिलिंडरचा आधी पाठवा, कारण पिळाच्या रेषा दिसल्या तर खोट्या ठशासकटही हे हत्यार जपण्यासारखं असेल, आणि मग किमतीची बोलणी त्या हिशेबाने करता येतील.